दुसऱ्या बाजूवरचा माग

एका विलायती रॉक बँडच्या रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू मी माझ्या हातांनी सोलून काढली होती आणि रिकाम्या झालेल्या जागेत आपल्या झाडीपट्टीतल्या दंडारीची, म्हणजे लोकनाट्याची, गाणी भरून दिली होती. वरून गिऱ्हाइकाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "साफ करून दिली जी साहेब."

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला सगळ्यात आधी हेच आठवलं. चांगली कामंही पुष्कळ केली, पण ती आठवायला डोकं खाजवावं लागतं. मूर्खपणा कसा, न बोलावता येऊन पाटावर बसतो. नात म्हणाली, "आजी, हे नको लिहू ना, लोक हसतील." अगं बाई, मग मी लिहून कायले राहिली?

मोहाडीत, भंडाऱ्याहून तुमसरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर. पुढच्या खोलीत माझं रेकॉर्डिंग सेंटर होतं. आताच्या मुलांना हे काय असतं ते समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणायचं, किंवा आमच्याकडूनच घ्यायचं, आणि कोणती गाणी हवीत ते सांगायचं. आम्ही ती रेकॉर्डवरून किंवा दुसऱ्या कॅसेटवरून उतरवून द्यायचो. त्याला आम्ही कॅसेट भरणं म्हणायचो. लोणच्याची बरणी भरतात तसं. हे असं उतरवणं कायद्यात बसतं का, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारायला गेलो नाही. आज त्याचं थोडं वाईट वाटतं. थोडंच.

या कामात अक्कल लागायची ती दोन ठिकाणी. एक म्हणजे आवाजाचा काटा. तो लाल पट्टीत गेला की आवाज फाटला, खाली पडून राहिला की गाणं खोकल्यासारखं येणार. आणि दुसरं, टेप रिकामी सोडायची नाही. गाणी संपली आणि शेवटी नुसती सुरसुर ऐकू आली, की गिऱ्हाईक हमखास परत येणार, "बाई, इतली जागा तं खालीच ठेवली तुमी!" म्हणून उरलेल्या जागेत आपल्या मनाने काहीतरी टाकून द्यायचं. भजनं असतील तर एखादी आरती, सिनेमाची असतील तर एखादं जुनं गाणं. याला मी भरती म्हणायची. माझी भरती पंचक्रोशीत नावाजलेली होती, असं माझं मत होतं. दुसऱ्या कोणाचं होतं का, ते माहीत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. तलावावर मासे धरणारे एक काका यायचे. त्यांना दोन्ही बाजूंना एकच गाणं हवं असायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. का, विचारलं तर म्हणाले, "डोंग्यात बसून जाळं टाकून राहिलो का हात वल्ले असतेत जी. कोन पलटवत बसते?" आणखी एक गृहस्थ एका बाजूला हरिपाठ आणि दुसऱ्या बाजूला सिनेमातल्या नाचाची गाणी भरून घ्यायचे. वर बजावायचे, "वहिनी, दुसरीवर काही लिहू नका. आमच्या घरी पहिली बाजूच वाजते."

आता घरातल्या अडचणीचं सांगते. पुढच्या खोलीत माझं दुकान आणि मधल्या खोलीत मामाजींचा माग. मामाजी म्हणजे माझे सासरे. घराणं विणकरांचं, कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणणारं. मी माहेरचीही विणकरांचीच, आंधळगावची. जन्मल्यापासून मागाची खटखट कानात. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, आणि ताण्याच्या उभ्या सुतांमधून धोटा इकडून तिकडे फेकायचा. धोटा म्हणजे ती होडीसारखी लाकडी वस्तू, जिच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. तो गेला की फणीचा ठोका द्यायचा. खटाक्-खट, खटाक्-खट.

आता हा ठोका जमिनीतून चालत माझ्या खोलीत यायचा आणि माझ्या रेकॉर्डच्या सुईला लागायचा. सुई उडायची, किंवा गाण्यात धप्प धप्प यायचं. एकदा भजनाची कॅसेट नेलेले एक बुवा परत आले. म्हणाले, "पेटी समजली, तबला समजला. हा तिसरा कोन ठोकून राहिला?" मी आत बोट दाखवलं, "सासरे."

मग घरात एक रीत पडली. मधल्या दाराला मी एक लाल चिंधी अडकवायची. चिंधी दिसली की माग बंद. मामाजी तंबाखू मळत चौकात जाऊन बसायचे. चिंधी निघाली की परत माग सुरू. पण उठायचे ते आपल्या वेळेने. मी चिंधी घेऊन दारात उभी, तरी धोटा पार पलीकडे जाऊन फणीचा ठोका बसेपर्यंत उठायचे नाहीत. धोटा मधात ठेवून विणकरानं उठायचं नाही, हा त्यांचा नेम होता. मी पाय आपटायची. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम करतो.

तेव्हाची मी म्हणजे कशी, दोन वेण्या, डोळ्यात काजळ, आणि अंगात असं की जसं सगळं आकाशवाणीचं केंद्र माझ्याच ओसरीवरून चालतं. लग्नसराईत चिंधी दिवसभर लटकलेली असायची. मामाजींचं लुगडं बोटबोटभर पुढे सरकायचं. ते तंबाखू मळत चौकात बसायचे. मला त्यातलं काही दिसायचं नाही.

अशात एक दिवस खानझोडे साहेब आले. नाकाडोंगरीकडच्या खाणीत नवीनच लागलेले इंजिनियर, नागपूरचे, तोंडावरची मिसरूड नुकती फुटलेली. बस चहापाण्याला थांबली तसे उतरले आणि काखेतून एक रेकॉर्ड काढून जपून काउंटरवर ठेवली.

"वहिनी, ही भरून द्या. पण उद्या सकाळीच परत पाहिजे. मित्राची आहे, उद्याच्या दिवसात नागपूरला नाही पोचली तर तो माझा जीव घेईल."

वेष्टनावर माणसांचा फोटोच नव्हता. नुसती धुराडी आणि काळं आभाळ. मी म्हटलं, "साहेब, ही राईस मिलची जाहिरात आहे काय?"

ते हसले. मग मला समजावून सांगायला लागले, आणि मी समजल्यासारखी मान हलवत राहिली. बँड फार नावाजलेला. नाव मी लिहीत नाही, कारण मला ते तेव्हाही म्हणता येत नव्हतं. आधीच्या रेकॉर्डी सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या. पण ही आली आणि त्यांच्या भक्तांमध्ये दोन पार्ट्या पडल्या. अर्धे म्हणतात यांनी याच्यापेक्षा मोठं काही केलं नाही, अर्धे म्हणतात यांना वेड लागलं. नागपूरच्या त्यांच्या मित्रांमध्ये तर बोलणं बंद होण्याची पाळी आलेली.

"मग तुम्ही कोणत्या पार्टीत?" मी विचारलं.

"मी अजून ऐकलीच नाही ना! क्वार्टरवर माझ्याकडे नुसता कॅसेटचा टेप आहे. मित्राच्या घरी गेलो तर सगळे भांडूनच राहिले होते, ऐकू कोण देते?"

त्या दुपारी चिंधी लावली आणि पहिली बाजू भरली. गिटार, ढोल, आरडाओरडा. काटा नीट. मग दुसरी बाजू लावली. तिच्यावर एकच लांबलचक गाणं होतं. तितक्यात माझा धाकटा मुलगा रडत उठला. मी काटा पाहिला, भरणं चालू ठेवून नुसता स्पीकर बंद केला आणि त्याला घेऊन परसात गेली. उतरवताना ऐकत बसायचं, हा या धंद्यातला पहिला नियम. तो मोडला. सकाळी साहेब पहिल्या बसने येऊन रेकॉर्ड घेऊन गेले. कॅसेट मी ठेवून घेतली. म्हटलं, नाव लिहून, डबी लावून देते, परतताना न्या.

ते गेल्यावर दुसरी बाजू लावून पाहिली, आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

खटाक्-खट, खटाक्-खट.

सुरुवातीपासून माग! मधे मधे गिटार यायची, कोणी गायचं, पुन्हा माग. शेवटी तर नुसता मागच, आणि तोही मधेच तुटल्यासारखा बंद. मी तशीच मधल्या दारात गेली.

"मामाजी, काल चिंधी नाही दिसली काय?"

"दिसली नं. म्हनून तं चौकात जाऊन बसलो."

"मग हे काय भूत विणून राहिलं?" मी टेप मोठा केला.

त्यांनी हातातला धोटा पार केला, ठोका दिला, मग मान वर करून ऐकलं. "मी नव्हतो, बाई."

"खोटं नका बोलू मामाजी!"

असं म्हणाली मी. सासऱ्याला. आजच्या सुनांना त्यात काही वाटणार नाही, पण आमच्या घरात तोवर त्यांच्यासमोर कोणी मोठ्याने खोकलंही नव्हतं. त्यांनी धोटा उचलला आणि पुन्हा विणायला लागले. मला वाटलं, पकडले गेले म्हणून मान वर करत नाहीत. चौकात चहावाल्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण विचारायला अक्कल लागते, आणि ती तेव्हा काजळासारखी नुसती वरवरच लावलेली होती.

संध्याकाळी हे घरी आले. हे भंडाऱ्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते. मी ताटही वाढलं नाही, आधी निकाल मागितला. "या घरात एक तर टेप राहील, नाही तर माग." हे एकदा माझ्याकडे बघत, एकदा बापाकडे. उत्तर मामाजींनीच दिलं.

"लुगडं लागलं हाये मागावर. तेवढं उतरू दे. मंग पाडू माग."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. सुताराला लाकडं सोडवायला यायला सांगून ठेवलं, तेही त्यांनीच.

आणि मी? मी जिंकलेली. मी साहेबांची कॅसेट सुधारायला बसली. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवत, थांबायच्या बटणावर बोट ठेवून, जिथे जिथे माग आला तिथे तिथे कापला. बोट दुखून आलं. मासोळीचे काटे काढता काढता मासोळीच संपावी तसं झालं. इथे गिटारचा तुकडा, तिथे कोणाची तरी अर्धी आरोळी. उरली बाजू कितीतरी रिकामी. मग नियमाप्रमाणे भरती. शेजारच्या गावच्या दंडारीची एक झकास कॅसेट माझ्याकडे होती, ढोलकी, टाळ, आणि बाई झालेल्या गड्याचा तो पातळ आवाज. ढोल त्यांच्याकडेही, ढोल आपल्याकडेही. शोभून दिसलं. साहेब आले तेव्हा मी म्हटलं, "साफ करून दिली जी साहेब."

पुढचे दिवस मी मागाकडे बघायचं टाळायची, पण दिसायचंच. लुगडं पुढे सरकत होतं. आता चिंधी लावायचीही गरज पडत नव्हती, कारण माझी चाहूल लागली की मामाजी आपणच हात थांबवायचे. पदराची नक्षी आली, म्हणजे लुगडं संपत आलं, तसं मला माझं बोलणं परत घ्यावंसं वाटायला लागलं. पण बोलून बसलेली. माघार घ्यायची कशी?

पदर विणून होत आला होता त्या दिवसांत साहेब पुन्हा उगवले. काखेत तीच रेकॉर्ड.

"वहिनी, माझ्या कॅसेटमधला माग कुठे गेला?"

मी पदराने तोंड झाकलं. "साहेब, माफ करा. तो आमच्या मामाजींचा माग होता, सुईत शिरला. मी काढून टाकला."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीवर बसले आणि डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता जे सांगितलं ते असं. त्यांना माझी कॅसेट फारच आवडली होती. नागपूरला जाऊन ते मित्रांशी भांडले, की दुसरी बाजू तर एकदम भारी आहे, विशेषतः शेवटचं लोकगीत. मित्र म्हणाले, कुठलं लोकगीत? शेवटी तर नुसता माग चालतो, त्याच्यावरूनच तर सगळी मारामारी आहे. साहेब म्हणाले, कुठला माग? सगळ्यांना वाटलं, खाणीत राहून पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

"म्हणजे माग..." मी तोंडावरचा पदर काढला.

"त्यांचाच आहे, वहिनी. त्या पोरांचे आईबाप कापडगिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या. तिथला शेवटचा जुना माग मोडीत निघायच्या आधी त्यांनी त्याचा आवाज भरून घेतला आणि त्याच्यावर हे गाणं बसवलं. अर्धे लोक म्हणतात वा, अर्धे म्हणतात हे काय संगीत आहे, पैसे परत द्या."

मी उठली. मधल्या दारात जाऊन म्हटलं, "मामाजी, जरा बाहेर या." त्यांनी धोटा पार केला, ठोका दिला, मग आले. साहेबांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली आणि मी रेकॉर्डची दुसरी बाजू लावली.

खटाक्-खट, खटाक्-खट.

मामाजींनी कान दिला. बोटांनी खुर्चीच्या हातावर ठोके मोजले. मग मांडीवर थाप मारली.

"हा मी नोहो! मी इतली घाई कधी केली?"

साहेबांनी गिरणीची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. मामाजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा पाय, मला दिसत होतं, जमिनीवर पावडी दाबल्यासारखा हलत होता. गिटार आली की थांबायचा, माग आला की पुन्हा सुरू.

"अन हे पोट्टे पैसे देऊन ऐकतेत?" त्यांनी मला विचारलं. मला. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून.

"हो जी मामाजी. आणि भांडतेत पण."

"कायच्यासाठी?"

"माग चांगला का वाईट म्हणून."

त्यावर त्यांनी पुन्हा रेकॉर्डकडे कान केला. रेकॉर्ड शेवटाला आली, माग मधेच तुटून बंद पडला. मामाजींच्या कपाळाला आठी पडली. तोंड उघडलं, पण साहेबांची बस हॉर्न मारत होती, ते "येतो आजोबा" म्हणत पळाले आणि मामाजींचं बोलणं राहून गेलं.

मागाचं काय झालं म्हणाल, तर सुतार आला, पण वेगळ्या कामाला. यांनी डोकं लढवलं. सायकलची जुनी ट्यूब थोडी हवा भरून लाकडी पाटावर ठेवली, तिच्यावर फळी, फळीवर माझा रेकॉर्ड प्लेअर. सुताराने तो पाट भिंतीतल्या खुंट्यांवर बसवून दिला. जमिनीचा ठोका तिथपर्यंत पोचेना. इतकं साधं होतं! मी आणि मामाजी इतकी वर्षं एका चिंधीवर अडून होतो आणि उपाय परसात सायकलीखाली पडलेला होता. चिंधी मी चुलीत घातली. मामाजी मग पुढे गुडघे धरेपर्यंत त्या मागावर बसले. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नातलं लुगडं त्याच्यावरचं, आणि माझं स्वतःचं निळं कोशाचंही. ते आजही सणाला नेसते. नात म्हणते, आजी, हे तर म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे. मी म्हणते, लुगड्याला ठेव, मला नको ठेवू.

सेंटर पुढे बंद पडलं. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, मग चौकातली पोरं मोबाईलच्या नखाएवढ्या कार्डात हजार गाणी भरून द्यायला लागली. काटा नाही, भरती नाही. मला राग आला नाही. गाणी भरण्यापायी आता कोणाच्या सासऱ्याला चौकात जाऊन बसावं लागत नाही, हे चांगलंच आहे.

खानझोडे साहेब आता रिटायर होऊन पुण्याला मुलाकडे असतात. दर दिवाळीला फोन करतात. मागच्या वेळी म्हणाले, ती रेकॉर्ड आता मोबाईलवर सहज मिळते, स्वच्छ आवाजात. अजून लोक तिच्यावरून भांडतात, जगभरातले. "पण वहिनी, ती संपली की मी दंडारीची वाट पाहत बसतो." या एका वाक्यावर मी आठवडाभर मिरवली. या धंद्याने मला गाडीबंगला दिला नाही, पण एका माणसाच्या कानात माझी भरती कायमची राहिली. आणि एक सासरा दिला, जो नाही तर नुसता नवऱ्याचा बाप राहिला असता.

त्या दिवशीचं शेवटचं तेवढं राहिलं. साहेबांची बस गेल्यावर मी मधल्या खोलीत गेली. मामाजी खड्ड्यात पाय सोडून, पदराचं तुटलेलं सूत जोडत बसले होते. मी दाराला धरून उभी राहिली. माफी मागायची होती, आणि तोवर मी जन्मात कोणाची मागितली नव्हती, त्यामुळे कशी मागतात तेच ठाऊक नव्हतं. शेवटी म्हटलं, "मामाजी, मी तुमाले खोटं पाडलं. चुकलं माह्यं. माग पाडायचा नाही."

त्यांनी सुताला गाठ मारली. दाताने टोक तोडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले:

"ते जाऊ दे, बाई. पन लोकं भांडतीन नाही तं काय करतीन? धोटा मधातच ठेवून उठला तो रेकॉर्डवाला. पुढच्या खेपेले मले बसवा म्हना."